चौथ्या खांबाखालची जागा

पूल सगळे जण वरून बघतात. खालून बघायचा पगार मला एकतीस वर्षं मिळाला. बांधकाम खात्यात लागलो तेव्हा आईनं गावभर सांगितलं, पोरगा पूल बांधतो. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकही पूल बांधला नाही. दुसऱ्यांनी बांधलेले, कुणाच्या पणजोबांच्या काळातले पूल अजून धड उभे आहेत का, एवढंच बघायचं माझं काम. "मग ते रस्त्यावरनं दिसतंच की," असं आमचे होणारे सासरे म्हणाले होते. लग्न ठरायचं होतं, म्हणून मी गप्प बसलो.

पहिली नेमणूक मेढ्याला. तिकडे पुलांपेक्षा मोऱ्या जास्त. वर महाबळेश्वराच्या अंगाला पाऊस कोसळला की घटकाभरात मोरीच्या तोंडाशी गाडीभर दगड येऊन पडायचे. तिथून बदली झाली ती थेट कवठे महांकाळला, आणि तिथं सगळंच उलटं. पूल भक्कम, खाली पाण्याचा टिपूस नाही. धनगरांची मेंढरं कमानीच्या सावलीत बसलेली आणि मी हातात टेप घेऊन पुराची खूण शोधतोय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हारावलंय का सायब?"

"पाणी," मी म्हणालो.

"मंग आमीबी त्येच हुडकतोय. घावलं तर हाक मारा."

तिसरी नेमणूक कृष्णाकाठी झाली आणि मी तिथलाच झालो. कराडच्या खाली, सांगलीच्या वर असलेलं ते गाव. नाव सांगत नाही, कारण पुढं काय झालं ते वाचून कुणाला त्या पुलावरून जायची भीती वाटायला नको. दगडी पूल, नऊ कमानी, आठ खांब. वरून पाहिला तर दोन्हीकडे कठडा असलेला रस्त्याचा एक तुकडा. पण पहिल्यांदा होडीतून त्याच्या खाली गेलो आणि मान वर करून तोंड उघडं टाकून बसलो. डोक्यावर एवढा दगड अधांतरी धरलेला, आणि तो पेलण्यासाठी दुसरं काही नाही, दगडालाच दगडाचा आधार. पाण्यावरचं ऊन कमानीच्या पोटावर हलत होतं. वरून एसटी गेली तशी सगळ्या कमानीतून एक बारीक थरथर उतरत खांबात गेली आणि पाण्यात विरली. मला वाटलं, आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटाखाली बसलोय आणि त्याला ते माहीत आहे.

कामाचं सांगतो. हातोडीनं दगड वाजवायचे. भरीव दगड टणटण बोलतो, सुटलेला दगड बद्द बोलतो. फटीत पिंपळ रुजला असेल तर मुळासकट काढायचा, नाहीतर दहा वर्षांत तो दगड फोडून बाहेर येतो. कमानीत आग्या मोहोळ असेल तर त्या कमानीची तपासणी लांबूनच झालेली बरी, हे मी एकदाच शिकलो. पण खरं काम पाण्याखाली. लोकांना वाटतं पूल वरच्या ओझ्यानं पडतो. तसा क्वचित पडतो. पुराचं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि बुडाशी तळ उकरत राहतं. अंगणात खुंटीजवळ बादली ओतून बघा, खुंटीच्या बुडाशी खळगा पडलेला दिसेल. नदी तेच करते, फक्त बादली तिची आहे. म्हणून दरवर्षी पाणी निवळलं की होडीतून प्रत्येक खांबाशी जायचं, शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, तळ किती फुटांवर लागला ते लिहायचं.

पहिल्या साली होडीच मिळेना. सरपंचांनी मोठ्या मनानं गुळाची काहील दिली. आमच्याकडे पुरात माणसं काढायला काहील चालते, हे खरं आहे. पण तिला ना पुढा ना मागा. वल्हं मारलं की ती जागच्या जागी गिरकी घेते. मी दुसऱ्या खांबाचं माप घ्यायला निघालो आणि सातव्या खांबाला जाऊन लागलो. काठावर अर्धं गाव हसत उभं. तेव्हा एका बाईनं आपली होडी सोडली, काहिलीला दोरी लावली आणि मला म्हशीसारखं ओढत काठाला आणलं.

"सायब, गूळ शिजवायचं भांडं हाय त्ये. तुमी कशापायी शिजताय त्यात?"

ही तानूआक्का. भोयाच्या वस्तीतली, तेव्हा पन्नाशीच्या आसपास. नवरा गेलेला, मुलगा साखर कारखान्यात कंत्राटावर, आणि होडी तिची स्वतःची. वस्तीतल्या बाकीच्या बाया मासे विकायच्या, ही धरायचीसुद्धा. त्या दिवसापासून माझी तपासणी तिच्या होडीतून व्हायला लागली. नऊ वर्षं, दर थंडीत एक दिवस.

तिच्याइतकं हलकं वल्हं मारणारं माणूस मी पाहिलं नाही. मी माप घेताना होडी एका जागी अशी धरून ठेवायची की वाटावं, पाणीच थांबलंय. बोलणं कमी. तळात काय आहे ते मला दोरी सोडल्यावर कळायचं, तिला आधीच ठाऊक असायचं. "हितं खडक हाय." "हितं वाळू हुती, उपसून नेली त्यांनी." मी दोरी सोडायचो आणि तसंच निघायचं. सुरुवातीला मला याचा राग यायचा, मग कौतुक वाटायला लागलं, आणि शेवटी मी दोरी सोडण्याआधीच तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. सरकारी माणसानं हे छापून सांगू नये, पण आता पेन्शन चालू आहे.

चौथ्या खांबाशी दरवर्षी अकरा फूट. आणि निघताना दरवर्षी एक शिवडा मासा, लांब मिशांचा, बिनखवल्याचा, वावभर म्हणजे माणसाएवढा लांब नसला तरी आमच्या पातेल्यात न मावणारा. पैसे देऊ केले तर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. वयनीस्नी सांगा, चिच जास्त घाला." आमच्या घरी त्या माशाची वर्षभर वाट बघायचे.

दहाव्या वर्षी, दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, ती माझ्या ऑफिसात आली. म्हणजे ऑफिसात नाहीच, बाहेर पायरीवर बसली. कारकुनाला वाटलं पुराच्या मदतीसाठी आली असेल, त्यानं तिला दुसऱ्या खात्याचा पत्ता सांगितला. ती हलली नाही. जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आलो तर पदर घट्ट ओढून बसलेली.

"आक्का, इकडे कुठं?"

"होडीत चला."

"अजून पाणी गढूळ आहे. थंडीत येतो की नेहमीप्रमाणे."

"थंडीत नगं. आत्ता चला."

"काय झालंय ते सांगा तरी."

"जमिनीवर न्हाई सांगायचं," ती म्हणाली आणि चालायला लागली. मी वैतागलो. पण त्या बाईनं नऊ वर्षांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. डबा तसाच ठेवला, वजन-दोरी घेतली आणि गेलो.

पाणी चहासारखं होतं, ओढ अजून होती. तिनं चौथ्या खांबाशी नेहमीच्या बाजूला होडी धरली. "सोडा." मी वजन सोडलं. अकरा फूट. "झालं की," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि होडी खांबाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला नेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षांत या बाजूला आपण कधी आलोच नव्हतो.

"हितं सोडा."

दोरी हातातून सुटत राहिली. अकरा गेले. पंधरा गेले. मला वाटलं ओढीनं तिरकी जातेय, मी ताणून बघितली, सरळ होती. वीस. शेवटी सव्वीस फुटांवर वजन टेकलं. मी ते वर घेतलं, परत सोडलं. सव्वीस. आक्कानं होडीतला लांब कळक उचलला, पाण्यात तिरका घातला, खांबाच्या दिशेनं, आणि ढकलायला लागली. कळक खांबाला अडायला हवा होता. तो अडला नाही. तो खांबाच्या खाली जात राहिला, हातभर, दोन हात, तिचा दंड पाण्यात गेला, गाल पाण्याला टेकला, तरी जातच होता.

तेवढ्यात वरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागं दोन ट्रॉल्या. थरथर कमानीतून उतरली, खांबात आली, आणि तिच्या हातातल्या कळकातून होडीत आली. मला ती तळपायाला कळली. मी एवढी वर्षं पुलांखाली काढली, पण आपल्या डोक्यावरचा एवढा डोंगर अर्धवट पाण्यावर टेकलाय, हे पायाला कळणं वेगळं. घाबरलो, हे तर खरंच. पण घाबरण्याच्या आधी मला हात जोडावेसे वाटले होते. नदीनं कुणाला न दिसता, एक दगडही न हलवता, घर खणलं होतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"खड्डा व्हय? खड्डा माज्या सासूच्या टायमाचा हाय."

मग तिनं सांगितलं. त्यांच्यात मासा बसायची जागा म्हणजे घरचा डाग, घरचा दागिना. तिच्या लग्नात सासूनं अंगावर फुटका मणी घातला नव्हता. ती घरात रुळल्यावर एक दिवस होडीत बसवून इथं आणली, हात पाण्यात धरायला लावला आणि कानात सांगितलं, ही तुजी. जमिनीवर सांगायची नाही, नवऱ्यालाही सांगायची नाही. सासूनं सुनेला द्यायची, तिनं तिच्या सुनेला. ती जागा म्हणजे चौथ्या खांबाच्या बुडाशी असलेला तो खड्डा. पुरानंतर दोन महिने तिथं शिवडा हमखास. थंडी पडेपर्यंत गाळानं तोंड बुजत येतं, आत राहिलेला एखादाच मग मिळतो.

"तवा तुमी येता, वजन घिऊन," ती म्हणाली. "गाळावर टाकलं असतं तरी तुमास्नी काय कळलं नसतं. पर मी म्हटलं, सरकारी माणूस हाय, कशाला त्या अंगाला न्या. तुमच्या नजरंला पडलं तर बुजवून टाकशीला."

नऊ वर्षं ही बाई मला एकाच बाजूनं फिरवत होती आणि नऊ वर्षं मी त्याच खड्ड्यातला मासा चिंच जास्त घालून खात होतो.

"मग आता का सांगितलं?"

तिनं कळक बाहेर काढून होडीत ठेवला. "परवा ह्या अंगाला गळ टाकलता. मोठा लागला. दोरी घिऊन असा खाली गेला, मी सोडत ऱ्हायले. आन् वर आला तो त्या अंगाला. खांबाच्या पल्याड. दोरी माज्या हातात हिकडं, मासा तिकडं उडी मारतोय. खालनं आरपार गेलता, सायब. मी दोरी कापली. तवा वर यष्टी चालली हुती, साळंची पोरं खिडकीला." मग म्हणाली, "सासूनं खड्डा दिलता. बोगदा न्हवता दिला."

मी म्हणालो, "आक्का, हे बुजवावं लागणार."

"म्हाईत हाय."

"तुमच्या सुनेला..."

"तिला अजून सांगिटलं न्हाई. औंदा सांगायची हुती." आणि होडी काठाकडे वळवली. उतरताना एवढंच म्हणाली, "माजं नाव घिऊ नगा. वस्तीत म्हणत्याल, बाईनं जागा बाहेर सांगिटली." मी शब्द दिला.

पूल बंद करायचा अधिकार मला नव्हता. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "नऊ वर्षं तुम्हीच अकरा फूट लिहिताय, आज सव्वीस कसे झाले?" मी म्हणालो, "नऊ वर्षं मी चुकीच्या बाजूला मोजत होतो, साहेब." ते म्हणाले, "लेखी आणा उद्या." उद्यापर्यंत त्या पुलावरून शे-दीडशे ट्रॉल्या जाणार होत्या, गळीत नुकतंच सुरू झालं होतं. मी पुलाच्या तोंडाशी गेलो, समोरून येणारी एसटी थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणालो, माणसं उतरवा आणि गाडी आडवी लावा.

"आवं सायब, डेपोत काय सांगू?"

"सांगा पूल आजारी आहे."

तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग खरंच त्यानं गाडी आडवी लावली. आजही मला त्याच्यापुढं मान झुकवावीशी वाटते, त्यानं मला कागद मागितला नाही. दहा मिनिटांत मागं ट्रॅक्टरांची रांग लागली. शिव्या सुरू झाल्या. "ऊस वाळतोय, तुजा बा भरून देणार काय?" एक जण माझ्या कॉलरीपर्यंत आला. गर्दीत एक फौजेतून परत आलेले सुभेदार होते, स्वतःच्याच उसाच्या ट्रॉलीवर बसलेले. ते खाली उतरले, माझ्यासमोर ताठ उभे राहिले. "खात्री हाय?"

"आहे."

"कुणी बघितलं?"

खाली घाटाच्या कडेला तानूआक्का होडीत बसलेली दिसत होती. "मी," मी म्हणालो. सुभेदार वळले आणि आवाज काढला, तो मिलिटरीतच निघतो. "ट्रॅक्टर मागं! एकेक! धक्काबुक्की कराल तर गाठ माझ्याशी हाय!" अर्ध्या तासात पूल मोकळा झाला. पुढचे चार महिने तालुका अठरा किलोमीटरचा वळसा घालत होता आणि रोज माझं नाव काढत होता.

दुसऱ्या दिवशी पाणबुडे आले. त्यातला एक वर आला, मास्क काढला आणि नुसता होडीला धरून राहिला. साहेबांनी विचारलं, काय आहे? तो म्हणाला, "आत हात पसरून झोपता येतंय, साहेब. वर पुलाचा दगड हाताला लागतोय." साहेब पान खात होते, ते चावायचे थांबले. त्यांनी मला परत कधी अकरा फुटांबद्दल विचारलं नाही. खुलाशाचं पत्र मात्र आलं, ते येणारच होतं. चार ओळींचा खुलासा दिला. नंतर अभिनंदनाचंही पत्र आलं. पेपरात छापून आलं की एका अभियंत्याच्या दक्षतेमुळे मोठी दुर्घटना टळली. बायकोनं कात्रण फ्रेम केलं आणि बैठकीत लावलं. मी ते काढून ठेवलं, तिनं परत लावलं, मी परत काढलं. शेवटी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग छापून आणा की तिचं नाव." बायकोला कसं पटवणार की आक्का स्वतःच नको म्हणतेय. शब्द दिला होता, तो पाळला. पण माणसाला न केलेल्या कामाची शाबासकी घ्यावी लागली तर ती पचत नाही. आता आक्का या जगात नाही, तिच्या सूनबाईंना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, "ल्हिवा. आता कुणाला भ्यायचं हाय?"

बुजवायचं काम पौषात निघालं. पाणी उतरलेलं, निवळलेलं. तारेच्या जाळ्यांत बांधलेले दगड तराफ्यावर रचलेले, क्रेन काठाला, दोरखंड लावून तयार. साहेबांना दुपारच्या आत पहिली जाळी खाली गेलेली हवी होती. इशारा मी करायचा, म्हणून मी तराफ्यावर उभा. तेवढ्यात आक्काची होडी आली. होडीत तिची सून रेश्मा, पुढच्या बाजूला अंग चोरून बसलेली, नव्या लुगड्यात.

"सायब," आक्का म्हणाली, "घटकाभर थांबीवता का?"

"क्रेनवाला ओरडेल, आक्का."

"ओरडू द्या."

मी क्रेनवाल्याला हातानं थांब म्हणालो. साहेब काठावरून विचारत होते काय झालं, मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं होडी खांबाला वळसा घालून पलीकडच्या अंगाला नेली, त्याच जागी, आणि वल्हं नुसतं टेकवून धरली. पाणी थांबल्यासारखं झालं. काठावरचे चाळीस-पन्नास मजूर बघत होते, पण होडीत काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं. आक्कानं रेश्माचा हात धरून मनगटापर्यंत पाण्यात बुडवला, आणि वाकून तिच्या कानाला तोंड लावलं. बराच वेळ सांगत होती. नुसतं 'ही तुजी' म्हणायला एवढा वेळ लागत नाही. कुठल्या महिन्यात, कुठल्या वाऱ्याला, गळ किती खोल, सगळं सांगत असावी. रेश्मा एकदा चमकून तराफ्यावरच्या दगडांकडे बघायला लागली, तर आक्कानं तिची हनुवटी धरून तोंड परत आपल्याकडे वळवलं आणि राहिलेलं सांगितलं. काही गाळलं नाही.

मग होडी आमच्या शेजारी आली. रेश्माचा हात ओलाच होता, तिनं तो पुसला नव्हता. आक्कानं माझ्याकडे बघितलं.

"दिली तिला," ती म्हणाली. "आता तुमचं काम करा."

क्रेनवाला माझ्या इशाऱ्याची वाट बघत होता. हात वर करायला मला वेळ लागला.